घरच्या राउटरवर फायरवॉलचे नियम स्वतः कसे लावायचे?

आपल्या घरात इंटरनेटवर काय काय चालतं, याची एकदा यादी करून बघा. अब्बांचा मोबाइल, अम्मीचा मोबाइल, मुलांचा टॅब, कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा लॅपटॉप, हॉलमधला स्मार्ट टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, आणि घराखालीच दुकान असेल तर दुकानाचा डीव्हीआर. दहा-बारा वस्तू सहज निघतात. या सगळ्या बाहेरच्या जगाशी बोलतात त्या एकाच डब्यातून. टीव्हीच्या मागे धूळ खात पडलेला तो डबा म्हणजे राउटर.

घराच्या दाराला आपण कडी लावतो, खिडकीला जाळी बसवतो, बेल वाजली की आधी कोण आहे ते विचारतो. राउटरला मात्र लाइनमन जोडून गेला त्या दिवसापासून कोणी हात लावलेला नसतो. पासवर्डसुद्धा त्यानेच ठेवलेला. घरात बायका-मुलं वावरतात त्या खोलीत कॅमेरा आहे, त्याचं चित्र कुठे जातं हे आपल्याला ठाऊक नसतं. रात्री दोन वाजता टॅब चालू असतो, तेही सकाळी मुलाचे डोळे बघून कळतं.

यावर उपाय त्याच डब्यात आहे आणि त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. त्याला फायरवॉल म्हणतात. या लेखात आपण फायरवॉल काय करतो ते समजून घेऊ आणि घराच्या उपयोगाचे पाच नियम कसे लावायचे ते पायरी-पायरीने पाहू. संगणकाचं शिक्षण लागत नाही. एक रविवार आणि थोडा धीर पुरेसा आहे.

फायरवॉल आधीच चालू असतो, मग अडचण काय?

जवळपास प्रत्येक राउटरमध्ये फायरवॉल आधीपासून चालू असतो. त्याचा साधा हिशोब असा: घरातून कोणी बाहेर काही मागितलं तर त्याचं उत्तर आत येऊ द्यायचं, पण बाहेरून कोणी न बोलावता आला तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. तुम्ही मोबाइलवर बातमी उघडली, म्हणजे मागणी तुमच्याकडून गेली. राउटर ती लक्षात ठेवतो आणि आलेलं उत्तर तुमच्याच मोबाइलकडे देतो. अनोळखी ठिकाणाहून कोणी थेट तुमच्या लॅपटॉपचं दार ठोठावलं, तर राउटरच्या वहीत त्याची नोंद नसते. तो परत जातो.

ही व्यवस्था चांगली आहे, पण तिच्यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक: आतून बाहेर जाणाऱ्याला काहीच अटकाव नाही. घरातली कुठलीही वस्तू, कुठल्याही वेळी, जगात कुठेही बोलू शकते. आजकालचे बरेच कॅमेरे हेच करतात. कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला जोडून घेतो आणि आपण मोबाइलवर बघतो ते त्या सर्व्हरमार्फत. जोडणी आतून सुरू झाली, म्हणून फायरवॉल तिला अडवत नाही.

दुसरं भोक: यूपीएनपी नावाची सोय. ती चालू असेल तर घरातलं एखादं उपकरण राउटरला सांगू शकतं, ‘माझ्यासाठी बाहेरून एक दार उघड.’ राउटर ते उघडतो आणि आपल्याला विचारतही नाही. गेम आणि काही डीव्हीआर हे करतात.

तिसरं भोक: कारखान्यातून आलेला पासवर्ड. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती अगदी साधी होती. टेलनेटचे २३ आणि २३२३ हे पोर्ट उघडे असलेली उपकरणं शोधायची आणि कंपन्यांचे ठरावीक साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे. जिथे लागला तिथे आत. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा असंख्य लोकांना कित्येक तास मिळेनात. ज्यांचे कॅमेरे या कामाला जुंपले गेले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता. कॅमेरा नेहमीसारखा चालू होता, चित्र दिसत होतं.

म्हणून तयार फायरवॉलवर आपल्या घरापुरते काही नियम लावावे लागतात.

नियम म्हणजे काय?

फायरवॉलचा नियम हे एक वाक्य असतं. ‘अमुक ठिकाणाहून, तमुक ठिकाणी, या पोर्टवर, या वेळी जाणाऱ्याला जाऊ दे किंवा अडव.’ राउटर कुठल्याही कंपनीचा असो, नियमाचे रकाने हेच:

- स्रोत: कोण बोलतोय. म्हणजे घरातल्या उपकरणाचा आयपी पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, किंवा त्याचा मॅक अ‍ॅड्रेस.
- ठिकाण: कोणाशी बोलतोय. एखादा पत्ता किंवा सगळं इंटरनेट.
- प्रोटोकॉल: टीसीपी, यूडीपी किंवा दोन्ही.
- पोर्ट: कुठल्या दारावर. आयपी पत्ता म्हणजे इमारत धरली, तर पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. पोर्टचे आकडे ६५,५३५ पर्यंत जातात. नेहमीच्या वेबसाइट ८० आणि ४४३ वर चालतात, नाव विचारण्याचं काम, म्हणजे डीएनएस, ५३ वर.
- वेळ: कुठल्या दिवशी, किती ते किती.
- कृती: अलाउ म्हणजे जाऊ दे. ड्रॉप म्हणजे उत्तर न देता गिळून टाक. रिजेक्ट म्हणजे ‘नाही’ असं कळवून परत पाठव.

बाहेरच्या अनोळखी पाहुण्यासाठी ड्रॉप बरा. घरातल्या उपकरणासाठी रिजेक्ट बरा, कारण त्याला लगेच नकार कळतो आणि अ‍ॅप उगाच गोल फिरत बसत नाही. तुमच्या राउटरमध्ये नुसतं ‘ब्लॉक’ किंवा ‘डिनाय’ असेल तर तेच वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: क्रम. राउटर नियम वरून खाली वाचतो आणि जो पहिला लागू पडतो, तिथेच थांबतो. समजा वरचा नियम म्हणतो ‘टॅबला सगळं बंद’ आणि खालचा म्हणतो ‘टॅबला शाळेची वेबसाइट चालू’. खालच्या नियमापर्यंत राउटर पोचणारच नाही. म्हणून सूट नेहमी वर आणि बंदी तिच्या खाली. नियम लावूनही काम होत नसेल, तर आधी क्रमच तपासा.

कामाला लागण्याआधी

१. राउटरच्या पानावर जा. वाय-फायला जोडलेल्या लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरही तो छापलेला असतो. टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी घाला.

२. पासवर्ड बदला. इथे दोन पासवर्ड वेगळे आहेत, हे लक्षात घ्या. एक वाय-फायचा, जो पाहुण्यांना दिला जातो. दुसरा राउटरच्या पानाचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा. तो ‘अ‍ॅडमिन’ असाच राहिला असेल तर पुढचं सगळं फुकट आहे. ज्याला वाय-फायचा पासवर्ड माहीत आहे, तो तुमचे नियम पुसून टाकू शकतो. घरातली मुलं यात आपल्यापेक्षा हुशार असतात, हे वेगळं सांगायला नको.

३. फर्मवेअर अपडेट करा. २०१८ च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतले किमान ५ लाख राउटर आणि तत्सम उपकरणं त्याच्या तावडीत होती. जुन्या फर्मवेअरमधल्या माहीत असलेल्या त्रुटीच त्याला उपयोगी पडल्या होत्या.

४. बॅकअप घ्या. ‘बॅकअप अँड रिस्टोर’ असं पान असतं. तिथून आत्ताची मांडणी एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. इंटरनेट जोडणीचं युजरनेम-पासवर्ड असेल तर तेही वहीत लिहा. काही बिघडलं आणि रिसेटचं बटण दाबावं लागलं, तर हीच वही कामाला येते.

५. घड्याळ बघा. वेळेचे नियम राउटरच्या घड्याळावर चालतात. टाइम झोन भारताचा, म्हणजे जीएमटी अधिक ५:३० आहे का, ते तपासा. नाहीतर रात्रीची बंदी भर दुपारी लागेल.

६. प्रत्येक उपकरणाला ठरावीक पत्ता द्या. राउटर रोज नवा आयपी पत्ता वाटू शकतो. आज टॅबचा ५२ असेल, उद्या तोच ५२ अम्मीच्या मोबाइलला मिळेल आणि बंदी भलत्यालाच बसेल. म्हणून ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ या पानावर जाऊन उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसशी एक पत्ता कायमचा बांधा. कॅमेऱ्याला १९२.१६८.१.५०, टॅबला १९२.१६८.१.६०, असं.

इथे एक गोम आहे. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, फोन वाय-फायला आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस न दाखवता बनावट दाखवतो. बाहेरच्या वाय-फायवर ते चांगलंच आहे. पण घरी नियम टिकवायचे असतील तर मुलांच्या टॅबवर, फक्त घरच्या वाय-फायपुरतं, हे बंद करावं लागतं. अँड्रॉइडमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘यूज डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोन-आयपॅडमध्ये ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ बंद करा.

नियमांचं पान कुठे सापडेल? टीपी-लिंकच्या जुन्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ असतं. त्यात आधी होस्ट म्हणजे कोण, टार्गेट म्हणजे कुठे, शेड्यूल म्हणजे केव्हा, हे भरून मग नियम जोडतात. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेल्या राउटरमध्ये नेटवर्क, मग फायरवॉल, मग ट्रॅफिक रूल्स. इतरांत ‘सिक्युरिटी’, ‘आयपी फिल्टर’ किंवा ‘पॅरेंटल कंट्रोल’ या नावाखाली शोधा. नेट कंपनीने दिलेल्या डब्यात काही वेळा ही पानं लपवलेली असतात. मग कंपनीच्या डब्याला आपला स्वतःचा एक राउटर जोडून, घरातली सगळी उपकरणं त्याच्यावर घ्यावी लागतात.

पहिला नियम: बाहेरची दारं बंद

याला नवीन नियम लिहावा लागत नाही, उघडं असलेलं बंद करायचं. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा, म्हणजे इंटरनेटवरून कोणी राउटरचं पान उघडू शकणार नाही. यूपीएनपी बंद करा. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ आणि ‘डीएमझेड’ ही पानं उघडून बघा. कॅमेरे बसवणाऱ्याने तिथे काही उघडून ठेवलंय का? कशासाठी आहे ते कोणालाच सांगता येत नसेल, तर ते काढा. विशेषतः २३ म्हणजे टेलनेट, ४४५ म्हणजे विंडोजच्या फाइल वाटण्याचं दार आणि ३३८९ म्हणजे दूरवरून संगणक चालवण्याचं दार, ही तीन इंटरनेटला कधीही उघडी नसावीत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तो याच ४४५ वरून.

एक सावधगिरी: पोर्ट ७५४७ वरून बऱ्याच नेट कंपन्या स्वतःच्या डब्याची देखभाल करतात. डबा कंपनीचा असेल तर तिला विचारल्याशिवाय याला हात लावू नका.

दुसरा नियम: कॅमेऱ्याची हद्द

आधी घरात ठरवा, कॅमेरा बाहेरून कोणाला बघायचा आहे का? कोणालाच नसेल, रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर किंवा मेमरी कार्डावर होत असेल, तर दोन ओळी लिहा:

- स्रोत १९२.१६८.१.५०, ठिकाण इंटरनेट, यूडीपी, पोर्ट १२३, अलाउ.
- स्रोत १९२.१६८.१.५०, ठिकाण इंटरनेट, सगळे पोर्ट, रिजेक्ट.

पहिली ओळ घड्याळासाठी आहे. १२३ वरून कॅमेरा बरोबर वेळ घेतो. ती नसेल तर रेकॉर्डिंगवरची वेळ हळूहळू चुकत जाते आणि चोरी झाल्यावर पोलिसांना दाखवायला ते पुरेसं पडत नाही. दुसरी ओळ बाकी सगळं बंद करते. काही कॅमेऱ्यांचं अ‍ॅप इंटरनेटशिवाय घरातही चालत नाही, म्हणून नियम लावल्यावर लगेच बघून घ्या.

पण आपल्याकडे बऱ्याच घरांत उत्तर वेगळं असतं. मुलगा कुवेतला किंवा दुबईला, म्हातारे आई-वडील कोकणातल्या घरी दोघंच. तो तिथून कॅमेऱ्यावर नजर ठेवतो आणि त्या नजरेनेच त्याला झोप लागते. तिथे पूर्ण बंदी लावून चालणार नाही. मग तीन गोष्टी करा. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला आणि अ‍ॅपमध्ये दुहेरी पडताळणीची सोय असेल तर ती चालू करा. कॅमेरा घरच्या मुख्य वाय-फायवर न ठेवता गेस्ट वाय-फायवर टाका. त्याचं कारण पाचव्या नियमात आहे. आणि तो गेट, अंगण, जिना एवढ्याकडेच वळवा. ज्या खोलीत घरच्या स्त्रिया मोकळेपणाने वावरतात, तिथे इंटरनेटला जोडलेला कॅमेरा नकोच. ते चित्र परक्या देशातल्या सर्व्हरवरून जातं आणि त्यावर आपला फायरवॉल चालत नाही.

तिसरा नियम: रात्रीचा टॅब

स्रोत १९२.१६८.१.६०, ठिकाण इंटरनेट, सगळे पोर्ट, वेळ रात्री १०:३० ते सकाळी ६, रिजेक्ट.

यात दोन खाचखळगे आहेत. काही राउटरना मध्यरात्र ओलांडणारी वेळ कळत नाही. तसं असेल तर १०:३० ते ११:५९ असा एक आणि १२ ते ६ असा दुसरा नियम करा. दुसरं म्हणजे, साडेदहाच्या आधी सुरू झालेली जोडणी काही राउटर तोडत नाहीत. ‘आधी चालू असलेलं चालू दे’ हा त्यांचा मूळ नियम सगळ्यात वर असतो. चालू व्हिडिओ थोडा वेळ पुढे सरकेल, नवीन उघडणार नाही. घाबरून नियम बदलत बसू नका.

रमजानमध्ये घराचं वेळापत्रकच बदलतं. सहरीला मुलं उठतात, कोणी बयान लावतं. महिन्याभरासाठी वेगळं शेड्यूल आधीच करून ठेवा आणि ईदनंतर जुनं परत लावा. परीक्षेच्या दिवसांतही तसंच.

चौथा नियम: घाणेरड्या साइटची वाट

प्रत्येक वाईट वेबसाइटचं नाव नियमात लिहीत बसणं अशक्य आहे. त्याऐवजी नावं विचारण्याची जागाच बदलायची. आपण ब्राउझरमध्ये साइटचं नाव लिहितो तेव्हा उपकरण आधी डीएनएसला विचारतं, ‘याचा पत्ता काय?’ क्लाउडफ्लेअर या कंपनीने २०२० मध्ये कुटुंबांसाठी मोफत डीएनएस सुरू केला. तो १.१.१.३ आणि १.०.०.३ या पत्त्यांवर आहे. अश्लील आणि घातक म्हणून नोंद असलेल्या साइटचा पत्ता तो सांगतच नाही.

राउटरच्या इंटरनेट किंवा वॅन पानावर डीएनएसच्या रकान्यात हे दोन पत्ते भरा. डीएचसीपीच्या पानावर डीएनएस म्हणून राउटरचाच पत्ता ठेवा, म्हणजे घरातली उपकरणं राउटरला विचारतील आणि राउटर पुढे १.१.१.३ ला विचारेल. एवढ्यावर थांबलो, तर टॅबमध्ये दुसरा डीएनएस हाताने घालून मुलगा मोकळा होतो. म्हणून फायरवॉलमध्ये दोन ओळी हव्यात:

- स्रोत घरातली सगळी उपकरणं, ठिकाण इंटरनेट, टीसीपी आणि यूडीपी, पोर्ट ५३, रिजेक्ट.
- स्रोत घरातली सगळी उपकरणं, ठिकाण इंटरनेट, टीसीपी, पोर्ट ८५३, रिजेक्ट.

८५३ हा अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’चा रस्ता आहे. कोणाच्या फोनमध्ये तिथे एखादं नाव लिहून ठेवलेलं असेल, तर नियम लागल्यावर घरच्या वाय-फायवर त्या फोनचं नेट बंद पडेल. तिथे ‘ऑटोमॅटिक’ केलं की चालू होतं.

तरीही एक वाट उरते. आजचे ब्राउझर डीएनएसचा प्रश्न साध्या वेबसाइटच्या ४४३ वरूनही विचारू शकतात, आणि ४४३ बंद केला तर सगळं इंटरनेटच बंद. व्हीपीएनचंही तेच. म्हणजे हा नियम लहान मुलांना चुकून वाईट ठिकाणी जाऊ न देण्यासाठी उत्तम आहे. सोळा वर्षांच्या मुलाला अडवण्यासाठी तो पुरणार नाही.

पाचवा नियम: पाहुणे वेगळे, घरचे वेगळे

पुष्कळांना एक गोष्ट माहीत नसते. एकाच वाय-फायवरची दोन उपकरणं एकमेकांशी बोलतात, ते फायरवॉलच्या नियमांतून जातच नाही. फायरवॉल घर आणि बाहेर यांच्या मधल्या दारावर उभा असतो; घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कोण गेलं, ते तो बघत नाही. एखादा स्वस्तातला कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब बिघडला, तर तो शेजारच्या लॅपटॉपवर डोकं आपटत बसू शकतो.

म्हणून राउटरमधलं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करा. त्यात ‘गेस्टना घरच्या नेटवर्कवर जाऊ द्या’ असा पर्याय असतो, तो बंद ठेवा. पाहुण्यांचे फोन, कॅमेरा, स्मार्ट टीव्ही, बल्ब हे सगळं त्यावर टाका. मोबाइल, लॅपटॉप, दुकानाचा हिशोबाचा संगणक मुख्य नेटवर्कवर. लग्नकार्यात घरात पन्नास माणसं आली तरी मुख्य पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही, हा आणखी एक फायदा.

विसरलं जाणारं भोक: आयपीव्ही६

आतापर्यंतचे सगळे पत्ते जुन्या, म्हणजे आयपीव्ही४ पद्धतीचे होते. आपल्याकडे आता बऱ्याच कंपन्या आयपीव्ही६सुद्धा देतात. १९२.१६८.१.६० साठी लिहिलेला नियम टॅबच्या आयपीव्ही६ पत्त्याला लागूच होत नाही. समोरचं दार बंद, मागचं सताड उघडं! नियम अगदी बरोबर लिहूनही यूट्यूब चालू राहतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच निघतं.

उपाय दोन. राउटर मॅक अ‍ॅड्रेसवर नियम लावू देत असेल तर तसा लावा. तो दोन्ही पद्धतींना पकडतो का, ते चालवून बघा. नाहीतर आयपीव्ही६ साठी तेच नियम वेगळे लिहा. यातलं काहीच जमत नसेल तर घरच्या जाळ्यापुरतं आयपीव्ही६ बंद ठेवता येतं. ते चालू ठेवणार असाल, तर ‘आयपीव्ही६ फायरवॉल’ चालू आहे याची खात्री करा. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा पत्ता मिळतो, म्हणून तिथे फायरवॉल बंद असणं जास्त धोक्याचं.

तपासल्याशिवाय काम पुरं नाही

एका वेळी एकच नियम लावा आणि लगेच तपासा. पाच एकदम लावले तर कशाने काय बंद पडलं ते कळणार नाही. टॅबचा नियम लावला की वेळ तात्पुरती आत्ताची करून बघा. डीएनएसचा लावला की सगळ्यांचे फोन एकदा चाळा. व्हिडिओ कॉल लावून बघा, ते बहुधा यूडीपीवर चालतात आणि जास्तीच्या बंदीत तेच आधी अडकतात. बँकेचं अ‍ॅप, शाळेचा ऑनलाइन वर्ग, दुकानाचं यूपीआय, हे सगळं चालतंय ना?

बाहेरची दारं तपासायला गिब्सन रिसर्च या कंपनीची ‘शील्ड्स अप’ ही मोफत चाचणी आहे. मात्र आधी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता बघा. तो १०० आणि ६४ ते १२७ अशा आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला पत्ता दिला आहे. मग चाचणी तुमच्या राउटरची नव्हे, कंपनीच्या यंत्राची होते. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंगही चालत नाही.

लावलेले नियम वहीत लिहून ठेवा: काय लावलं, कशासाठी, कोणत्या तारखेला. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

फायरवॉल काय करू शकत नाही

मोबाइलचा डेटा राउटरमधून जात नाही. मुलाच्या फोनमध्ये सिम असेल तर रात्री साडेदहाला वाय-फाय सोडून तो डेटावर जाईल. तिथे फोनमधलंच पालक-नियंत्रण लागेल.

फसवणूकही तो थांबवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल अब्बांनी स्वतः उघडली, किंवा फोनवर कोणाला ओटीपी सांगितला, तर फायरवॉलच्या दृष्टीने ते घरातूनच झालेलं काम आहे. पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. उपकरणात घुसखोर प्रोग्राम असल्याचा संशय असेल, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर तो साफ करायची साधनं मोफत मिळतात.

शेवटी मुलांबद्दल एक. नियम गुपचूप लावू नका. ज्या दिवशी लावाल, त्या दिवशी मुलांना समोर बसवून पान दाखवा, साडेदहा का ते सांगा, आणि साडेदहाचे अकरा व्हावेत असं त्यांना वाटत असेल तर त्यांचंही ऐका. आम्ही तर म्हणू की घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीलाच हे काम सोबत घेऊन करा. ज्याने नियम स्वतः लिहिला, तो मोडायची वाट शोधण्याआधी दोनदा विचार करतो. वर उद्या तुमच्या वस्तीत कोणाला मदत लागली, तर सांगायला घरात एक जाणकार तयार होतो.

या रविवारी निदान तीन कामं करा: अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, यूपीएनपी आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा, गेस्ट वाय-फाय चालू करा. अर्ध्या तासात होतं. बाकीचे नियम पुढच्या रविवारी.